ग्लॅडिस आणि पाद्रीबाईंची रस्सीखेच

नॉरिस पिकर्सगिलच्या रणगाड्याचं नाव होतं ग्लॅडिस. हे त्याच्या आईचं नाव. आईही एकदा चालायला लागली की वाटेत कोण उभं आहे हे बघत नसे, म्हणून ते शोभलं. रणगाडा अर्थातच खरा नव्हता, खऱ्याच्या सहाव्या हिश्शाएवढा होता. पण त्याला खेळणं म्हणायची एल्डरथ्वेट गावात कोणाची छाती नव्हती. जेवणाच्या टेबलाएवढा लांब, उचलायला चार माणसं लागावीत एवढा जड, पोटात दोन बॅटऱ्या आणि विजेवर चालणाऱ्या जुन्या चाकाच्या खुर्चीतून काढलेल्या दोन मोटारी. रिमोटची कांडी पुढे ढकलली की ग्लॅडिस गुरगुरत निघायची आणि पाठीमागे गवतावर दोन पट्टे उमटवत जायची.

नॉरिसचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. आजूबाजूच्या वीसेक गावांत ज्यांच्या घरी पियानो होता, त्या सगळ्यांच्या घरचा चहा त्याने प्यायलेला. आता वय झाल्यावर घरं कमी केली होती आणि उरलेला जीव ग्लॅडिसमध्ये गुंतवला होता. त्याची बायको मेव्हिस म्हणायची, "माझी सवत लोखंडाची आहे, तेवढं बरं. भांडायला तोंड नाही तिला."

दर जुलैत चर्चच्या मागच्या मैदानात जत्रा भरायची. केकचे ठेले, नारळ पाडायचा खेळ, मेंढ्यांची स्पर्धा, बँडवाले, आणि सगळ्यात शेवटी, जिच्यासाठी लोक खुर्च्या ओढून दोरीपाशी बसत ती रस्सीखेच. एका बाजूला ग्लॅडिस. दुसऱ्या बाजूला गावच्या पाद्रीबाई टॅमसिन, एकट्या.

पाद्रीबाई पंचेचाळिशीच्या. कॉलेजात असताना होडी वल्हवायच्या, त्यामुळे खांदे असे की प्रवचनाच्या वेळी झगा शिवणीत कुरकुरायचा. जत्रेच्या दिवशी त्या झगा काढून ठेवत, शेतातले बूट चढवत आणि दोरी हातात घेत. तीन वर्षं रस्सीखेच झाली आणि तिन्ही वर्षं पाद्रीबाई जिंकल्या.

त्या जिंकत त्या ताकदीने नव्हे, हेच नॉरिसला खुपायचं. त्या जिंकत फ्यूजच्या जोरावर.

झालं होतं असं. मोटार मोकळी फिरत असली की वीज थोडी खाते. तीच अडली, की हावऱ्यासारखी ओढायला लागते. तारा तापतात, आणि मोटारींना ताब्यात ठेवणारा जो कंट्रोलर असतो, नाजूक आणि महागडा, तो जळून जातो. तसं होऊ नये म्हणून बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये एक फ्यूज असतो. मोटारगाडीत असतो तसलाच, नखाएवढा, हिरव्या प्लॅस्टिकचा, दोन पायांचा. आत पातळशी पट्टी. वीज डोईजड झाली की पट्टी वितळते, वाट तुटते, बाकीचं सगळं वाचतं.

पाद्रीबाईंना हे पहिल्याच वर्षी कळलं. ओढायचं नाहीच! टाचा मातीत रोवायच्या, मागे रेलायचं आणि मोठ्याने एक स्तोत्र म्हणायला लागायचं. समोर ग्लॅडिस जीव खाऊन ओढतेय, नॉरिसचा अंगठा कांडीवर पांढरा पडलाय, आणि पहिलं कडवं संपतंय न संपतंय तोच फट्! ग्लॅडिस गप्प. पाद्रीबाई एक हात वर करून लोकांना अभिवादन करायच्या, मग मेलेल्या रणगाड्याला सावकाश रेषेपलीकडे ओढून न्यायच्या. लोक हसून हसून लोळायचे.

तिसऱ्या वर्षी तर नॉरिसने डोकंच गहाण टाकलं. "हा फ्यूजच घरभेदी आहे," असं म्हणून त्याने तो उपटला आणि त्या जागी पियानोच्या खर्जाच्या तारेचा जाडजूड तुकडा खोचला. त्याच्या छोट्या रणगाड्यांच्या हौशी क्लबचा सेक्रेटरी लेनी ब्रेथवेट, जन्मभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस, हे बघून म्हणाला, "नॉरिस, घराला आग लागू नये म्हणून कुत्रा पाळलाय, आणि तो भुंकतो म्हणून तू त्याला गोळी घालतोयस."

"भुंकू दे की रेषेपलीकडे गेल्यावर."

"बरं बाबा. बादली भरून ठेवतो."

त्या वर्षी पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं, पाद्रीबाईंचा चेहरा पहिल्यांदाच चिंतेत दिसला, आणि नॉरिसच्या मनात लाडू फुटायला लागले. तेवढ्यात ग्लॅडिसच्या तोफेतून निळसर धूर आला. पोरांना वाटलं खास कार्यक्रम आहे, त्यांनी टाळ्या पिटल्या. मग बुरुजातून धूर आला, मग घाणेरडा वास, आणि लेनी बादली घेऊन धावला. झाकण उघडलं तेव्हा कंट्रोलरचं काळं धिरडं झालं होतं. तार मात्र शाबूत होती, वाकडीसुद्धा झाली नव्हती.

नॉरिस आठवडाभर ते धिरडं टेबलावर ठेवून पुसत बसला. शेवटी मेव्हिसने त्याच्या वाढदिवसाला नवा कंट्रोलर आणून समोर ठेवला. "एका अटीवर. पुन्हा त्यात तार, खिळा, चॉकलेटची चांदी, काही काही घालायचं नाही. फ्यूज म्हणजे फ्यूज."

"मग मी जिंकणार कसा?"

"ते तुझं तू बघ. मी वाण्याकडून आणलंय का तुझं डोकं?"

तो बघायला लागला. वसंतात जमीन वाळली तसा त्याने ग्लॅडिसला मागच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाला बांधलं आणि ओढायला लावलं. ओढायची, गुरगुरायची, फट्! नवा फ्यूज. पुन्हा फट्! उडालेले फ्यूज तो ओट्यावरच्या काचेच्या वाडग्यात टाकायचा. एकदा मेव्हिसची बहीण आली आणि हिरव्या गोळ्या समजून तिने त्यातला एक तोंडात टाकला. त्या दिवसापासून वाडगा शेडमध्ये गेला.

झाडाने ग्लॅडिसला काही शिकवलं नाही, कारण झाड हलत नाही. मग मेव्हिस स्वतः दोरी धरून उभी राहायला लागली. एका हातात दोरीचा वेढा, दुसऱ्या हातात चहाचा कप. ती तालुक्याच्या तलावावर तीस वर्षं पोहायला शिकवत होती. अर्ध्या जिल्ह्याने तिच्या ओरड्याखाली पाणी गिळलेलं. एका शनिवारी ती दोरी धरून उभी असताना ग्लॅडिसचा फ्यूज लागोपाठ उडाला, तशी तिने कप कुंपणावर ठेवला.

"तू श्वास का घेत नाहीस?"

"घेतोय की!"

"तू नाही रे. ती." तिने ग्लॅडिसकडे बोट दाखवलं. "नवी पोरं असंच करतात. पाण्यात पडली की दम कोंडून हातपाय मारत सुटतात आणि मधेच बुडतात. मी त्यांना सांगते, एक हात मार, श्वास घे. एक हात मार, श्वास घे. तू सतत कांडी दाबून का धरतोस?"

"सोडली तर तू मला मागे ओढशील ना."

"सोडून तर बघ."

नॉरिसने कांडी सोडली. मेव्हिसने दोरी धरून अंग मागे टाकलं. ग्लॅडिस तसूभर हलली नाही. मेव्हिसने दोन्ही हातांनी हिसका दिला. तरी नाही.

नॉरिसने वाकून पट्ट्यांकडे पाहिलं. मग मटकन गवतावर बसला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्या खुर्चीच्या मोटारी! त्यांचे दाते मळसूत्री होते. मोटार चाकाला फिरवू शकते, पण चाकाला मोटार फिरवता येत नाही. उतारावर आजीबाईची खुर्ची घरंगळू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय. म्हणजे ग्लॅडिस ओढत नसतानाही घोरपडीसारखी चिकटून बसत होती, आणि तेव्हा तिला एक कण वीज लागत नव्हती. फ्यूजला तेवढ्यात गार व्हायला सवड.

"मेव्हिस," तो म्हणाला, "मी गाढव आहे."

"ते लग्नातच कळलं होतं. पुढे बोल."

"फ्यूज लगेच उडत नाही. आधी तापतो, मग उडतो. तापायच्या आत सोडायचं! ओढ, सोड. ओढ, सोड."

"मी काय इतका वेळ इटालियनमध्ये सांगत होते?"

त्या दिवसापासून अंगणात कवायत सुरू झाली. ओढायचं किती आणि सोडायचं कधी, हे घड्याळावर जमेना. पण नॉरिसचे कान पियानोवाल्याचे. मोटार अडायला लागली की तिचा सूर उतरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. आधी थोडा, मग आणखी थोडा, आणि अगदी उडायच्या बेतात एक बारीक थरथर यायची, तार सैल पडलेल्या पियानोसारखी. ती थरथर आली की कांडी सोडायची. जूनच्या अखेरीला एकाच फ्यूजवर त्याने मेव्हिसला बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेलं. कोबीचा एक वाफा मोडला. तरी मेव्हिसनेच उठून गुडघे झटकत विचारलं, "पुन्हा?"

जत्रेच्या दिवशी ऊन असं पडलं होतं की यॉर्कशरच्या माणसांना कोट कुठे ठेवावा कळेना. रस्सीखेचीच्या वेळेला दोरीच्या दोन्ही बाजूंना गाव लोटला. लेनी पंच होता. डोक्यावर आजोबांची गोल टोपी, गळ्यात शिट्टी.

"पंच तटस्थ आहे ना?" पाद्रीबाईंनी बुटाचे बंद आवळत विचारलं.

"पूर्ण तटस्थ, बाई. नॉरिस हरला तर मला जरा जास्त वाईट वाटेल, एवढंच."

"आणि यंदा आत काय घातलंय? वेशीची साखळी?"

"फ्यूज आहे," नॉरिस म्हणाला. त्याने झाकण उघडून लोकांना दाखवला. "हिरवा. अस्सल."

"अरेरे," पाद्रीबाई मनापासून म्हणाल्या. "मग माझी दोन कडवी वाया गेली. एकच पाठ करून यायला हवं होतं."

लोक खिदळले. तीन फेऱ्या ठरल्या. लेनीने शिट्टी फुंकली.

पहिल्या फेरीत नॉरिस सगळं विसरला. गाव ओरडत होतं, बँडवाल्यांचा ढोल वाजत होता, पाद्रीबाई उंच आवाजात स्तोत्र म्हणत होत्या, त्यात मोटारीचा सूर कुठला ऐकू येणार? त्याने कांडी दाबली ती दाबलीच. कडवं संपलं आणि फट्! पाद्रीबाईंनी हात वर केला. लोकांनी हुर्रो केलं. खरं तर कंट्रोलरला काहीच झालं नव्हतं, नवा फ्यूज घातला की काम भागणार होतं. पण नॉरिसचे हात असे घामेजले होते की फ्यूज दोनदा हातातून गवतात पडला.

मेव्हिस दोरी ओलांडून आत आली, फ्यूज शोधून तिने त्याच्या हातात दिला आणि कानाशी म्हणाली, "तू बुडतोयस."

"ऐकूच येत नाही गं. त्या गातात केवढ्याने!"

"मग गुडघ्यावर बस. हात ठेव तिच्या पाठीवर. कानाने नाही तर हाताने ऐक."

नॉरिस बसला. चांगली पँट गवताने हिरवी झाली. एका हातात रिमोट, दुसरा हात ग्लॅडिसच्या तापलेल्या पत्र्यावर. शिट्टी वाजली. त्याने कांडी ढकलली, आणि तळव्यात मोटारीचा सूर आला, अगदी स्पष्ट, पियानोच्या लाकडातून येतो तसा. उतरला. आणखी उतरला. थरथर. सोड. ग्लॅडिस चिकटून बसली. पाद्रीबाई रेलल्या होत्या तशाच होत्या, पण आता त्यांना रेलायचे कष्ट पडत होते आणि ग्लॅडिसला नव्हते. पुन्हा ढकल. वीतभर पुढे. सोड. ढकल. वीतभर. पहिलं कडवं संपलं तरी फ्यूज शाबूत. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर पाद्रीबाईंचा सूर घसरला, बूट घसरला, आणि रुमाल बांधलेली दोरीची गाठ नॉरिसच्या बाजूच्या रेषेपलीकडे गेली.

 मग असा गलका झाला की मेंढ्यांच्या कुंपणातला एडका उडी मारून केकच्या ठेल्यात शिरला. त्याला पकडेपर्यंत तिसरी फेरी खोळंबली. तेवढ्यात पाद्रीबाई पाणी पीत नॉरिसजवळ आल्या.

"हे काय होतं?"

"पोहणं होतं, बाई."

"माझ्याकडून मार खाल्ल्यावर माणसं असंबद्ध बोलतात, हे माहीत होतं. मला हरवल्यावरही बोलतात हे नवीन."

तिसऱ्या फेरीत पाद्रीबाई हुशार झाल्या होत्या. नॉरिसने कांडी सोडली की त्या त्याच क्षणी हिसका द्यायच्या. ग्लॅडिसचे पट्टे फिरत नव्हते, पण आख्खी ग्लॅडिस गवतावरून घसरायची. वीतभर मिळवायचं आणि वीतभर गमवायचं. गाठ मधल्या रेषेवर इकडून तिकडे. लोक उभे राहिले. लेनीची टोपी कधीच पडली होती आणि तिच्यावर कोणीतरी पाय दिला होता.

"ओढ, नॉरिस!" लेनी ओरडला. तटस्थपणा टोपीबरोबरच गेला असावा.

नॉरिसने ओढलं. सूर उतरला, तळव्यात थरथर आली. अजून जराशी, त्याला वाटलं, अजून अर्धी वीत. पत्रा हाताला भाजायला लागला होता. अंगठा सुटेना.

"श्वास!" मेव्हिसची हाक आली. तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत जायची सवय असलेली ती हाक. ढोलवालासुद्धा थांबला. नॉरिसने दचकून कांडी पूर्ण सोडली आणि रिमोटच छातीशी धरला.

ग्लॅडिस गप्प झाली. गुरगुर नाही, थरथर नाही, काही नाही. नेमकं त्याच वेळी पाद्रीबाईंचं कडवं संपलं.

त्यांना वाटलं, उडाला. इतकी वर्षं इथेच उडत आला होता. त्यांनी दोरी एका हातात घेतली, दुसरा हात आभाळाकडे उंचावला आणि लोकांकडे वळून भलंथोरलं हसल्या.

"नॉरिस," मेव्हिस हळूच म्हणाली, "फ्यूज आहे ना अजून?"

नॉरिसने ग्लॅडिसकडे पाहिलं. आतला छोटा हिरवा दिवा, वीज शाबूत असल्याची खूण, झाकणाच्या फटीतून लुकलुकत होता. त्याने कांडी पुढे केली.

ग्लॅडिस गुरगुरली. पाद्रीबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि पाय मात्र पुढे निघाले. एक पाऊल, दुसरं, मग त्या सपशेल बुडावर बसल्या. दोरी सोडण्याचा विचार त्यांच्या डोक्यात आला नसावा, कारण त्या दोन्ही हातांनी दोरी धरून, बूट वर करून, गवतावरून घसरत चालल्या आणि घसरता घसरता इतक्या हसायला लागल्या की त्यांना ओरडताही येईना. ग्लॅडिसने त्यांना रेषेपलीकडे नेलं, पंचांच्या खुर्चीपलीकडे नेलं, आणि नॉरिसला कांडी सोडायचं सुचेपर्यंत थेट चहाच्या तंबूच्या दारात नेऊन उभं केलं.

"हे नियमात बसतं का?" कोणीतरी विचारलं.

लेनीने शिट्टी फुंकायचा प्रयत्न केला, पण हसण्यामुळे तिच्यातून नुसतंच फुस्स निघालं. "रणगाडा गप्प बसला म्हणजे मेला, असं नियमात कुठे लिहिलंय?" तो म्हणाला. "माझी बायकोही गप्प बसते. तेव्हा ती जास्तच जिवंत असते."

पाद्रीबाई उठल्या. पाठीला सगळं मैदान चिकटलेलं. त्या सरळ नॉरिसकडे आल्या. त्याला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी त्याला उचललं. खरोखरीच उचललं, रिमोटसकट, आणि एक गिरकी मारून खाली ठेवलं.

"चार वर्षांत पहिल्यांदा मला मजा आली," त्या धापा टाकत म्हणाल्या. "नुसतं उभं राहून जिंकण्यात काय राम आहे हो? आता मला सांगा. सगळं सांगा. आणि ते द्या इकडे."

नॉरिसने रिमोट दिला. जिंकणाऱ्याला मोठा पोर्क-पाय मिळायचा, म्हणजे डुकराचं मटण भरलेली खुसखुशीत कवचाची भलीमोठी कचोरीच. तो ग्लॅडिसच्या बुरुजावर ठेवून मेव्हिसने तिथेच कापला आणि दिसेल त्याला तुकडा देत सुटली. पाद्रीबाई एका हाताने पोर्क-पाय खात, दुसऱ्या हाताने कांडी ढकलत होत्या. मोटारीचा सूर ओळखायला नॉरिस त्यांना शिकवत होता. "ऐका, आता उतरला... आता थरथरला... सोडा, सोडा, सोडा!" त्यांनी सोडलं नाही. फट् आवाज झाला.

"मोडलं?" पाद्रीबाईंनी घाबरून विचारलं.

"छे हो. रोजचंच आहे." नॉरिसने झाकण उघडलं आणि खिशातून नवा फ्यूज काढून त्यांच्या हातावर ठेवला. "पण आता तुम्ही घालायचा."

त्यांनी गुडघे टेकले, जीभ दातात धरली आणि फ्यूज खोबणीत बसवला. ग्लॅडिसचा दिवा लागला तशा त्या लहान मुलीसारख्या टाळी पिटून ओरडल्या. मागे दोरी घेऊन पुढचा गडी उभाच होता, बँडमधला ढोलवाला. त्याच्यामागे नारळवाला. त्याच्यामागे एडक्याचा मालक. नॉरिस बाजूच्या बाकावर मेव्हिसशेजारी टेकला, कोट काढून मांडीवर घेतला आणि पोर्क-पायचा शेवटचा तुकडा तिच्या हातात दिला. समोर पाद्रीबाई ढोलवाल्याला ओरडून सांगत होत्या, "गाणं म्हणू नका, मला ऐकू येत नाही!"